वापरायचं पाणी

मित्रांनो, उदगीरच्या एका धर्मादाय दवाखान्यामागे, जनरेटरच्या खोलीला लागून, पत्र्याच्या शेडखाली एक मोठं पिवळट नळकांडं आडवं पडलेलं आहे. ते नळकांडं म्हणजे मी. मी एक जुनी, जळालेली ग्रेडियंट कॉइल आहे. येणारेजाणारे मला पाण्याची टाकी समजतात. कुणी सिमेंटचा पाइप म्हणतं. मागे एका आजोबांनी तर कोंबड्या कोंडायला बरी पडेल म्हणून माझी चौकशी केली होती. मला फार राग आला. पण दोन म्हशींच्या वजनाची असले तरी मला जागचं हलता येत नाही, तेव्हा रागावून तरी काय करणार?

तुम्ही एमआरआयचं मशीन पाहिलं असेल, निदान चित्रात तरी. पांढरा बोगदा असतो, त्यात माणसाला झोपवतात आणि आतून ठाक-ठाक आवाज येत राहतो. बघणारे म्हणतात, केवढं मोठं हे चुंबक! सगळं कौतुक त्या चुंबकाचं. खरं सांगू? ते चुंबक लग्नातल्या व्याह्यासारखं नुसतं बसून असतं. काम करते मी.

तुमच्या शरीरात पाणी असतं, त्या पाण्याचे अगदी बारीक कण चुंबकाच्या जोरात सापडले की हलकीशी हाक देतात. मशीन ती हाक ऐकतं. पण चुंबकाचा जोर बोगद्यात सगळीकडे सारखा, म्हणून हाकही सगळीकडून सारखीच येते. ती मानेतून आली की कमरेतून, हे कळायचं कसं? तिथं माझी गरज पडते. मी त्या जोराला उतार देते. डोक्याकडे थोडा जास्त, पायाकडे थोडा कमी. पुढच्याच क्षणी डावीकडून उजवीकडे, मग पुढून मागे. रानाला उतार असला की पाणी कुठून कुठं जाणार ते शेतकरी ओळखतो, तसंच हे. उतार मिळाला की प्रत्येक हाक वेगळी ऐकू येते आणि माणसाच्या आतलं चित्र उमटतं. ग्रेडियंट म्हणजे दुसरं काही नाही, उतारच.

आता त्या आवाजाचं सांगते. माझ्यातून वीज सोडली की चुंबक मला ढकलतं, वीज उलटी केली की ओढतं. मी तर राळेत घट्ट रुतवलेली. हलायला जागा नाही, म्हणून जागच्या जागी थरथरते आणि ठाक-ठाक वाजते. लोक कानात बोळे घालूनच माझ्याजवळ यायचे. जन्मतःच मोठ्या तोंडाची आहे म्हणा ना!

मला आखलं सिंधूने. ती उदगीरजवळच्या शिरूर अनंतपाळची. तिचे वडील ग्यानोबा यांचं तिथं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. कुणाच्या बोअरची मोटार जळून आली की ते जुनी तार उपसून काढायचे, नवी भरायचे आणि वरून वार्निश पाजायचे. सिंधू शाळेतून आली की तारेचं रीळ सोडायला त्यांच्यासमोर बसायची. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, त्या वर्षी भीमजयंतीला वस्तीनं तिचा सत्कार केला. ग्यानोबांनी त्यासाठी नवा सदरा शिवून घेतला होता.

ती कॉलेजात असतानाच एका बोअरमधून मोटार वर ओढताना साखळी सुटली आणि लोखंडी पाइप ग्यानोबांच्या पाठीवर आदळला. पाय बधिर होऊ लागले. डॉक्टर म्हणाले, मणक्यात नस नेमकी कुठं दाबली गेली आहे ते एमआरआयमध्येच दिसेल, आणि दाब लवकर काढला नाही तर पाय कायमचे जातील. तेव्हा या भागात मशीन नव्हतं. जीपमध्ये गादी टाकून त्यांना हैदराबादला नेलं. तिथं फोटो निघाला, ऑपरेशनही झालं, पण फार उशीर झाला होता. ग्यानोबा पुन्हा उभे राहिले नाहीत. खुर्चीत बसून ते तार भरत राहिले, आणि सिंधूने मनाशी धरलं की आपल्याकडच्या माणसाच्या पाठीचा फोटो आपल्याकडेच निघाला पाहिजे, आणि वेळेत निघाला पाहिजे. मला त्यासाठीच जन्म मिळाला.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात ती माझ्यासारख्या कॉइल आखायची. आखायचं म्हणजे तांब्यानं कुठून कसं जायचं ते ठरवायचं. आधी ती हवा तो उतार संगणकाला सांगायची. मग तसाच उतार यायला तांबं कुठं दाट आणि कुठं विरळ हवं, याचं गणित उलट्या बाजूनं सोडवायची. पडद्यावर अंगठ्याच्या ठशासारखी वेटोळी उमटायची. ती बघून तिला आनंद व्हायचा आणि लगेच कपाळाला आठी पडायची, कारण या कामात एक साधलं की दुसरं बिघडतं. उतार तीव्र केला की वीज जास्त लागते आणि कॉइल तापते. उतार झपकन बदलला की रोग्याच्या अंगाला मुंग्या येतात. माझ्याबाहेरून उलट्या विजेचा आणखी एक थर द्यावाच लागतो, नाहीतर माझी गडबड चुंबकाच्या थंडगार अंगापर्यंत पोचते आणि चित्र डागाळतं. सिंधू दिवसच्या दिवस इकडचं तिकडे करत बसायची.

तिच्या साहेबांना जोरकस, झटपट कॉइल हवी होती. तशीच सगळीकडे खपत होती. सिंधूने मुद्दाम माझा जोर कमी ठेवला.

"ही तुझी कॉइल शर्यतीत शेवटची येईल हं," साहेब हसून म्हणाले.

"तिला शर्यतीला न्यायचंच नाही, सर. उदगीरला न्यायचंय," सिंधू म्हणाली. "तिथं वीज कमी दाबाची असते आणि उन्हाळा भाजून काढतो. तिथं टिकली पाहिजे."

मी कमी तापावं म्हणून तिने माझं तांबं जाड केलं. त्या जाड तांब्याला जागा हवी, म्हणून पाण्याच्या नळ्या बारीक केल्या, अगदी पेनातल्या कांडीइतक्या. त्या नळ्यांतून शुद्ध पाणी, बॅटरीत घालतात तसलं, सारखं फिरत राहणार आणि माझी उष्णता बाहेर नेणार. पाणी तेच ते, नुसतं गोल फिरणारं. कुठं थोडं गळालं तर कॅनमधून भर घालायची. गणितात सगळं नीट बसलं होतं.

मग मला साच्यात ठेवून आतली हवा काढून घेतली आणि राळ ओतली. राळेत हवेचा बुडबुडा राहिला तर पुढे तिथं ठिणगी पडते, म्हणून सिंधू त्या दिवशी साच्यापासून हलली नाही. राळ घट्ट झाली की कॉइल कायमची बंद. तिला पुन्हा उघडता येत नाही. सिंधूने हे फोनवर वडिलांना सांगितलं, तेव्हा ग्यानोबांना ते पटेचना.

"आगं, मंग जळली तर भरायची कशी?" त्यांनी विचारलं.

"जळू द्यायचीच नाही, बाबा," ती म्हणाली.

त्या काळात उदगीर जिल्हा होणार, असं मोंढ्याच्या बाजारापासून चहाच्या हॉटेलापर्यंत सगळे म्हणत होते. दर सव्वीस जानेवारी आली की लोक कान टवकारून बसत. दवाखान्याचे सचिव व्यंकटराव त्यात सगळ्यांच्या पुढे. त्यांची शेती मोठी, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. "जिल्ह्याच्या गावाला ह्ये मशीन पायजेच पायजे," असं म्हणत त्यांनी गावोगाव फिरून वर्गणी उभी केली. उत्साहाच्या भरात दवाखान्याच्या फलकावर 'जि. उदगीर' असं रंगवूनही घेतलं. जिल्हा काही झाला नाही आणि ती अक्षरं पुढे चुन्याखाली गेली. मशीन मात्र आलं, आणि मशीनच्या पोटात मी आले.

उद्‌घाटनाला मोठी गर्दी झाली. लोखंडाची वस्तू आत न्यायची नाही, असं मशीन चालवणारा चंद्रप्पा घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता. तरी एका विश्वस्तांच्या खिशातला अडकित्ता सुटला तो थेट बोगद्याला जाऊन चिकटला. तो ओढून काढताना चार माणसांची दमछाक झाली. पुढे कितीतरी दिवस लोक मशीनपेक्षा त्या अडकित्त्याबद्दलच जास्त बोलत होते.

ती माझी सुखाची वर्षं. देगलूर, मुखेड, निलंगा, पार सीमेपलीकडच्या गावांतून माणसं यायची. कुणाची मान, कुणाचा मेंदू, कुणाची कंबर. मी वाजायची आणि चित्र उमटायचं. भोकरचा एक मिस्त्री स्ट्रेचरवरून आला होता, तो ऑपरेशन होऊन स्वतःच्या पायांनी पेढे घेऊन आला. त्याने पेढा चुंबकाच्या खोलीच्या दारात ठेवला. मी समजून घेतलं की तो माझ्यासाठीच आहे. चंद्रप्पा दर सोमवारी माझ्या पाण्याची पातळी बघायचा आणि सिंधूला फोन करून सांगायचा. ती प्रत्येक वेळी विचारायची, "पाठीचे किती आले?" चंद्रप्पाने आकडा सांगितला की ती तो वहीत लिहून ठेवायची.

मग एकामागून एक कोरडी वर्षं आली. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा तुम्ही ऐकून असाल. आमच्या गावातही नळ नुसते फुसफुसायचे. दवाखान्याच्या बोअरला जे येत होतं ते खारं, मचूळ, आणि तेही थांबून थांबून. रोग्यांबरोबर आलेले लोक रिकाम्या बाटल्या घेऊन वऱ्हांड्यात हिंडायचे.

आमच्याकडे पाण्याच्या दोन तऱ्हा असतात, मित्रांनो. एक प्यायचं पाणी आणि एक वापरायचं पाणी. प्यायचं पाणी गोडं. ते माठात, झाकून ठेवायचं, ते काढायचं ओगराळं वेगळं. वापरायचं पाणी बोअरचं, खारट. त्यात भांडी, धुणं, अंघोळ, गुरंढोरं. घागरीसुद्धा वेगळ्या. हे कुणी शिकवावं लागत नाही. लेकरानं प्यायच्या पाण्यात हात बुडवला तर पाठीत धपाटा बसतो, तेवढ्यात ते शिकून जातं.

व्यंकटरावांनी पाडव्याला दवाखान्याच्या फाटकाशी पाणपोई घातली होती. मोठे रांजण, वर ओलं फडकं, पाणी द्यायला एक बाई. काही दिवस गोड्या पाण्याचा टँकर आला आणि मग यायचा बंद झाला. एका दुपारी रांजण कोरडे पडले. एक म्हातारी रांजणाच्या तळाशी फडकं फिरवून ते नातवाच्या तोंडाला लावत होती. ते व्यंकटरावांनी पाहिलं आणि त्यांचा जीव कासावीस झाला. कुठं काही साठवलेलं आहे का ते बघायला ते तडक कोठीत गेले. तिथं भिंतीला लावून माझ्या शुद्ध पाण्याचे कॅन ओळीनं ठेवले होते.

"ह्ये काय हाय रं, चंद्रप्पा?"

"मशीनचं पानी हाय, मालक. शुद्ध असतंय. भर घालाय लागतंय."

"प्यायसारखं हाय का?"

"पिलं तर काय होत न्हाई. पर मालक..."

"बाहीर लेकरं फडकी चोखून राहिलीत, आन् तू हितं गोडं पानी कोंडून ठिवलास व्हय? वता रांजनात सगळं. मशीनला वापरायचं पानी घाला."

"खारं हाय ते, मालक. मशीनला चालत न्हाई."

"आरं, मशीनला काय जीभ हाय का, चव कळाय?"

चंद्रप्पाने दारातून फाटकाकडे पाहिलं. ती म्हातारी तिथंच बसली होती. तोही याच मातीतला, टँकरमागं पळून मोठा झालेला. त्याने स्वतःच पहिला कॅन उचलून रांजणात ओतला. रांजण भरून जे कॅन उरले, ते पुढे टँकर चुकला की एकेक करून रिकामे होत गेले.

आपण माझ्यावर अन्याय करतो आहोत, असं व्यंकटरावांना वाटायचं कारणच नव्हतं. त्यांनी बोअरचं पाणी धुवट धोतराच्या दुहेरी घडीतून गाळून घेतलं आणि मगच माझ्या टाकीत घालायला लावलं. घरच्या बैलालाही गढूळ पाणी पाजू नये, अशी त्यांची रीत होती. फाटकाशी लोक घटघटा पाणी पीत होते आणि साखरेसारखं आहे म्हणत होते. खरं सांगते, त्या दिवशी मलाही वाईट वाटलं नाही. ती म्हातारी पाणी पिऊन रांजणाला हात जोडत होती.

पण खारं पाणी ते खारंच. धोतराच्या घडीत गाळ अडकतो, क्षार अडकत नाहीत. उन्हाळ्यानं माझ्या नळीचा एक जोड सैल झाला होता, तिथून थेंब थेंब पाणी जायचं आणि प्रत्येक वेळी वरून बोअरचं पाणी पडायचं. नव्या कॅनची मागणी गेली होती, कॅन काही आले नाहीत. अंघोळीच्या बंबाला आतून जसा पांढरा थर धरतो, तसा माझ्या नळ्यांना धरू लागला. मोठ्या नळीला त्याचं काही वाटलं नसतं. माझ्या नळ्या पेनाच्या कांडीएवढ्या. पाणी कसंबसं सरकायचं आणि उष्णता माझ्यातच कोंडून राहायची. मी कळवळून ओरडत होते, पण माझं ओरडणं रोजचंच. त्यातलं दुखण्याचं ओरडणं कोणतं आणि कामाचं कोणतं, हे कुणाला ओळखू यावं?

मशीन तापून मधेच थांबू लागलं, तेव्हा चंद्रप्पाने सिंधूला फोन केला.

"ताई, लई तापून राहिलंय बघा."

"उन्हाळा आहे ना, चंद्रप्पा. दोन रोग्यांच्या मधे जास्त वेळ थांबत जा. पाण्याची भर घालताय ना?"

"हाव ताई, घालून राहिलो की."

कोणतं पाणी, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तिच्या लेखी मशीनचं पाणी एकच होतं. त्याच्या लेखी नवे कॅन येईपर्यंत मशीनला निदान पाणी तरी मिळत होतं. दोघांनीही फोन ठेवला.

अशातच सिद्धम्मा आली. सीमेवरच्या एका खेड्यातली, तरणी, बोलण्यात निम्मी कानडी. गावात टँकर आला की बाया वर चढून टाकीत आपापली नळी सोडायच्या. त्या झोंबाझोंबीत सिद्धम्माचा पाय निसटला आणि ती वरून पाठीवर पडली. नवरा नागप्पा तिला टेम्पोत घालून घेऊन आला. तिचे पाय तेव्हा हलत होते, पण मुंग्या वर वर सरकत होत्या. डॉक्टरांनी नागप्पाला बाजूला घेऊन समजावलं, की नस दाबली आहे. लातूरला सर्जन तयार आहेत, पण नेमकं कुठं उघडायचं ते फोटोशिवाय कळणार नाही. आजच्या आज झालं तर पाय वाचतील.

नंबर लागेपर्यंत तिचं स्ट्रेचर फाटकाजवळच्या सावलीत ठेवलं होतं. टँकर पुन्हा बंद होता आणि रांजणात माझ्या शेवटच्या कॅनचं पाणी होतं. नागप्पाने ओंजळभर आणून तिच्या ओठांना लावलं. "केवढं ग्वाड हाय," ती म्हणाली. "पाजनाऱ्याला पुन्य लागंल."

चंद्रप्पाने तिला आत घेतलं. कानात बोळे घातले, हातात रबराचा फुगा दिला, घाबरलीस तर दाब म्हणून सांगितलं. मी वाजू लागले. थोड्या वेळानं तिचा आवाज आला.

"अण्णा, ह्ये कोन बडवून राहिलंय?"

"मशीन हाय ते, अक्का. हलू नका बरं."

ती हलली नाही. दगडासारखी पडून राहिली. मग चंद्रप्पाला नाही, मला म्हणाली, "वाज गं बाई, वाज. माजे पाय बघ."

मित्रांनो, इतकी वर्षं लोकांनी माझ्या आवाजाला नावं ठेवली. वाज म्हणणारी ती एकटीच. मी जिवाच्या करारानं वाजत होते. मानेचं चित्र आलं, छातीमागचं आलं. कमरेच्या वर जिथं दाब होता तिथलं चित्र घ्यायला चंद्रप्पाने सुरुवात केली आणि माझ्या अंगातली राळ तडकली. आत ठिणगी पडली. करपल्याचा वास सुटला आणि मी गप्प झाले. याआधी तापून थांबले तरी थोड्या वेळानं मी पुन्हा वाजायची.

"झालं का, अण्णा?" सिद्धम्माने विचारलं. "दिसलं का?"

चंद्रप्पा पडद्याकडे बघत होता. जे बघायचं होतं, नेमकं तिथं चित्र वेडंवाकडं होऊन काळं पडलं होतं. त्याने मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं. मी काही उठले नाही.

लातूरला फोन केला तर तिथलं मशीनही त्या दिवशी बंद. शेवटी जीपमध्ये गादी टाकली आणि तिला हैदराबादला नेलं. तिथं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही. पण जीप वाटेत असतानाच तिच्या पायांतल्या मुंग्या थांबल्या होत्या, आणि तिला वाटलं होतं की आपल्याला आराम पडला. नागप्पाने हे चंद्रप्पाला फोनवर सांगितलं, तेव्हा चंद्रप्पाला उमगलं, की पाय वाटेतच गेले होते.

सिंधू आली. तिने माझ्या पाण्याची एक नळी कापली आणि उजेडात धरली. नळीच्या आत पांढरा थर होता आणि मधे सुईला जाता येईल एवढंच भोक. तिने बोटानं तो थर खरवडून जिभेवर ठेवला. मग तिला काही विचारावंच लागलं नाही.

व्यंकटराव दारात उभे होते. त्यांना सिद्धम्माचं कळलं होतं. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"पोरी, म्या तहानलेल्या मानसांला पानी पाजलं," ते म्हणाले. "पाप केलं का गं म्या?"

सिंधूने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते कळेना. "काका, आमच्या घरी पण दोन रांजण होते," ती म्हणाली. "मी या गावासाठी कॉइल आखली. वीज बघितली, ऊन बघितलं. दुष्काळात इथं मशीनला कोणतं पाणी मिळेल, हे मी इथली असून माझ्या मनात आलं नाही." एवढं बोलून ती रडू लागली. व्यंकटरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेही रडले. त्यांच्या रडण्याचा सिद्धम्माला काही उपयोग नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मला उघडून दुरुस्त करता येत नाही, हे तुम्हाला सांगितलंच आहे. कारखान्याने तोवर माझ्या जातीच्या कॉइल बनवणं सोडून दिलं होतं, कारण कमी जोराच्या कॉइलला गिऱ्हाईक नव्हतं. दुसरी घ्यायची तर पुन्हा गावोगाव फिरून वर्गणी मागावी लागली असती. व्यंकटराव त्यानंतर कुणाच्याच दारात गेले नाहीत. मशीनच्या खोलीला कुलूप लागलं आणि मला इथं शेडखाली आणून टाकलं. सिंधू आता कॉइल आखत नाही. चंद्रप्पा एक्स-रेच्या खोलीत काम करतो, आणि पाठीचा रोगी आला की त्याला मान वर न करता लातूर-हैदराबादचा रस्ता सांगतो. पुढे पाऊसही चांगला झाला, तळी भरली. त्याचा आता मला काय उपयोग?

परवा सिद्धम्मा आली होती. बसून बसून तिच्या अंगाला जखमा झाल्या आहेत, त्या दाखवायला नागप्पा तिला पाठुंगळी घेऊन येतो. आत गर्दी होती म्हणून त्याने तिला शेडखाली आणून माझ्याच काठावर बसवलं आणि तो केसपेपर काढायला गेला. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. तिने माझ्या अंगावरची धूळ हातानं पुसली, नीट बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत राहिली. थोड्या वेळानं नागप्पाने लांबूनच हाक मारली, "चल गं, नंबर लागला."

"थांबा, आले की," ती पटकन म्हणाली. पदर खोचला, दोन्ही हात माझ्या अंगावर टेकले आणि उठायला गेली. हातांनी जोर घेतला, पायांनी घेतला नाही. ती तशीच बसून राहिली. नागप्पा जवळ आला आणि तिच्यापुढे पाठ करून वाकला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. मी जळून गेलेली, मला आता काही नको. ज्यांनी तहानलेल्यांना पाणी पाजलं त्यांना मी कोणत्या तोंडानं दोष देऊ? पण उद्या तुमच्या गावात एखादं मशीन आलं आणि ते हे हवं, ते हवं म्हणून हट्ट करू लागलं, तर त्याला हसू नका. ते स्वतःसाठी काही मागत नसतं. कोठीत ठेवलेलं ते पाणी माझं नव्हतंच. ते सिद्धम्माचं होतं.